सुपरवायझर नसलेल्या परीक्षेची ओढ

आदरणीय काकू,

मी सुदामानगरात राहते. यंदा सीबीएसईची बारावी दिली. अमेरिकेत दोन ठिकाणी मला प्रवेश मिळाला आहे. एक फिलाडेल्फियाजवळचं हॅवरफर्ड कॉलेज आणि दुसरं एक मोठं विद्यापीठ. दोन्हीकडून मिळणारी आर्थिक मदत जवळपास सारखी आहे. १ मेपर्यंत एकीकडे होकार कळवायचा आहे.

माझं मन हॅवरफर्डकडे ओढ घेतंय, आणि त्याचं कारण त्यांचा ऑनर कोड, म्हणजे विद्यार्थ्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून चालणारी सचोटीची नियमावली. तिथे परीक्षेला वर्गात कोणी पहारा देत नाही. सत्राच्या शेवटी कुठला पेपर कधी द्यायचा हे बऱ्याचदा मुलंच ठरवतात. तिथल्या एका विद्यार्थिनीशी ऑनलाइन बोलणं झालं. ती म्हणाली, मी फिजिक्सचा पेपर लिहीत होते, त्याच खोलीत आणखी तिघे आपापले वेगळे पेपर लिहीत होते. तीन तास झाले तेव्हा माझं शेवटचं गणित अर्धंच झालं होतं, तरी मी पेन खाली ठेवलं. हे ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही.

बाबा म्हणतात, या सगळ्या जाहिरातीतल्या गोष्टी, असं जगात कुठे नसतं. माझा आत्येभाऊ २०१२ मध्ये पीएमटीला, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेला, अगदी थोडक्यात राहिला. पुढच्या वर्षी व्यापमं, म्हणजे मध्य प्रदेशच्या परीक्षा मंडळातला घोटाळा, बाहेर आलं, तेव्हापासून बाबांचा कुठल्याच परीक्षेवर विश्वास उरलेला नाही. आईची काळजी वेगळी. कोणी गैर करताना दिसलं तर गप्प बसायचं नाही, असं त्या कोडमध्ये आहे. आई म्हणते, परक्या देशात एकटी राहणार, तू कोणाच्या वाटेला जाऊ नकोस.

एक गोष्ट मात्र घरी कोणाला सांगितलेली नाही. अर्जात मी लिहिलं की, विश्वासावर चालणाऱ्या जागी मला राहायचंय. पण बारावीच्या प्रॅक्टिकलच्या फायली आमच्या अख्ख्या बॅचने एकमेकींच्या बघून उतरवल्या आणि त्यात मीही होते. मग मी खोटं लिहिलं का? मला तिथे जायचा हक्क आहे का? बाबा म्हणतात, दोन्हीकडे डिपॉझिट भरून ठेवू, व्हिसा लागला की बघू. मी काय करू?

दोन मनांत अडकलेली, इंदूर

प्रिय मुली,

तुझा फायलींचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुला आतून टोचतोय आणि तो सुटल्याशिवाय बाकीच्या प्रश्नांकडे तू मोकळेपणाने बघू शकणार नाहीस.

फायली बघून उतरवणं ही कॉपीच. सगळ्या बॅचने केली, मॅडमना माहीत होतं, दरवर्षी होतं, हे सगळं खरं असलं तरी ती कॉपीच. तू ती गोष्ट मला लिहून कळवलीस, तेव्हा हे तुलाही पटलेलं आहे. मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं आणि असल्या फायलींचे गठ्ठे तपासले. लोलकाच्या प्रयोगात गुरुत्वीय त्वरण काढायचं असतं. निम्म्याहून जास्त फायलींत ते बरोबर ९.८ येतं, कारण मुलं आधी उत्तर लिहितात आणि त्यावरून रीडिंग मागे मागे काढत जातात. एकीने काढली की तीच रीडिंग बाकीच्यांच्या फायलींत जातात, खाडाखोडीसकट. एका वर्षी एका मुलीच्या फायलीत ९.५ होतं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, एवढं कमी कसं आलं? ती म्हणाली, सर, दोऱ्याची लांबी मी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली. मध्यापर्यंत मोजायला हवी होती, हे घरी गेल्यावर लक्षात आलं. पण रीडिंग आली होती तीच ठेवली. त्या दिवशी त्या वर्गात लोलक खऱ्या अर्थाने तिलाच कळला होता. बाकीच्यांना ९.८ हा आकडा आधीच पाठ होता, त्यांच्या ज्ञानात प्रयोगाने काहीही भर पडली नाही. फायली उतरवून तुमचं जे नुकसान झालं ते हे, आणि ते गुणांमध्ये दिसत नाही.

आता तुझ्या निबंधाचं. ‘मी आजवर कधी कॉपी केली नाही’ असं तू लिहिलं असतंस तर ते खोटं झालं असतं. अशा जागी राहायचंय, असं तू लिहिलंस. ती इच्छा आहे आणि ती खरी आहे. फायलींमुळे ती खोटी ठरत नाही. उलट मला तर वाटतं, त्या फायलींमुळेच ती मनात आली असेल. हक्काचं म्हणशील, तर तिथे येणारी मुलं धुतल्या तांदळासारखी असतील अशी कुठल्याही ऑनर कोडची अपेक्षा नसते. सही केल्यापासून पुढे कसं वागायचं, याची ती बोली असते. तू निःशंक मनाने जा. फक्त ही फायलींची गोष्ट जाण्याआधी आई-बाबांनाही सांग. त्यांना काही फार मोठा धक्का बसणार नाही. पण तुझं पाऊल हलकं होईल.

तिथे गेल्यावर तुला खरी अडचण येईल ती आपल्याकडच्या सवयींची, आणि त्याबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण माहितीपत्रकं वाचताना मुलांचं याकडे लक्षच जात नाही. आपल्या बोर्डात पुस्तकातली व्याख्या जशीच्या तशी लिहिली की पूर्ण गुण मिळतात. स्वतःच्या शब्दांत लिहिणाऱ्याचा अर्धा गुण कापलेला मी पाहिला आहे. तिथे नेमकं उलटं आहे. दुसऱ्याचं एक वाक्यसुद्धा कोणाचं ते न सांगता आपल्या निबंधात घेतलं, तर तो गुन्हा धरतात. वाक्य बदललं पण विचार दुसऱ्याचा, तरी त्याचं नाव द्यायचं असतं. एका कोर्ससाठी लिहिलेला निबंध दुसऱ्या कोर्सला न विचारता दिला, तर तेही चालत नाही. प्रयोग जोडीदाराबरोबर करायचा, रीडिंग दोघांची एकच असू शकतात, पण अहवाल ज्याचा त्याने लिहायचा. गृहपाठाची गणितं एका प्राध्यापकांकडे चर्चा करून सोडवलेली चालतात, दुसऱ्यांकडे अजिबात नाही. चॅटजीपीटीसारख्या साधनांचंही तसंच, कोर्सगणिक नियम वेगळा. म्हणून पहिल्याच आठवड्यात प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकांना विचारून घ्यायचं, की मदत कुठवर चालेल. विचारण्यात कमीपणा नाही, तिथे ते चांगलंच मानतात. बेइमानी मनातही नसताना केवळ हे माहीत नाही म्हणून बाहेरून आलेली मुलं अडकतात. आणि परदेशी विद्यार्थ्याला त्याची किंमत जास्त मोजावी लागते. एका सत्रासाठी निलंबन झालं तर अमेरिकन मूल आपल्या घरी जाऊन राहतं, पुढच्या सत्रात परत येतं. तुझा विद्यार्थी व्हिसा पूर्ण वेळ शिकण्यावर टिकून असतो, शिक्षण थांबलं की देश सोडावा लागतो.

आता ती ओढ. नीटच्या केंद्राबाहेर मे महिन्याच्या उन्हात उभी असलेली मुलं आपण दरवर्षी बघतो. अर्ध्या बाह्यांचा कुर्ता, बूट चालत नाहीत म्हणून पायात चपला. आई मुलीच्या कानातले काढून रुमालात बांधून पर्समध्ये ठेवते. दारात मेटल डिटेक्टर, मग बोटांचे ठसे, मग वर्गात कॅमेरा. त्या मुलीने आयुष्यात काही केलेलं नसतं, तरी दारातून आत जाताना आपण संशयित आहोत हे तिला अंगाअंगावर जाणवतं. शाळेपासून कॉलेजपर्यंत हेच बघत मोठ्या झालेल्या मुलीला कोणीतरी सांगितलं की तुझा शब्द आम्हाला पुरेसा आहे, तर तिला भरून येणारच. तुझं मन तिथे गेलं यात नवल नाही. मला तर आनंद झाला की अजून मुलांना या गोष्टीची भूक आहे. पण एवढं लक्षात घे, की हे भरून येणं तुझ्या आजवरच्या परीक्षांमधून आलेलं आहे. ते कॉलेज रोजच्या रोज कसं वागतं, हे त्यातून अजून कळलेलं नाही. ते वेगळं बघावं लागेल.

बाबांना मात्र निराशावादी ठरवून मोकळी होऊ नकोस. जुलै २०१३ मध्ये पीएमटीच्या वेळी तोतया परीक्षार्थी पकडले गेले ते आपल्याच इंदुरातल्या हॉटेलांतून. ‘इंजिन-बोगी’ हा प्रकार तेव्हा घराघरांत कळला. हुशार भाडोत्री मुलगा म्हणजे इंजिन आणि त्याच्या आसपास मुद्दाम नंबर लावून बसवलेले, पैसे भरलेले उमेदवार म्हणजे बोग्या. बैठकव्यवस्था ज्यांनी सांभाळायची त्यांनीच ती विकली होती. २०१५ मध्ये तपास सीबीआयकडे गेला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६३४ जणांचे वैद्यकीय प्रवेश रद्दच राहतील असा निकाल दिला. तुझ्या आत्येभावासारखी, प्रामाणिकपणे अभ्यास करून थोडक्यात राहिलेली मुलं किती, याचा आकडा मात्र कुठल्याच निकालपत्रात नाही. त्याची जागा कोणी घेतली होती का, हे तुमच्या घरात कोणालाच कधी कळणार नाही. एवढा पहारा असूनही हे झालं, मग पहारा नसेल तिथे काय होत असेल, असं बाबांच्या मनात येणं अगदी साहजिक आहे. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी मी पुढे सांगते ते त्यांच्यासमोर ठेव.

पहिलं म्हणजे, ऑनर कोड ही काही संतांच्या गावातून आलेली गोष्ट नाही. व्हर्जिनिया विद्यापीठात १८४० मध्ये मुखवटा घालून दंगा करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एकाने कायद्याच्या प्राध्यापकावर, जॉन डेव्हिस यांच्यावर, गोळी झाडली आणि त्यात ते गेले. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातलं वैर तिथवर पोचलं होतं. दोनच वर्षांनी, १८४२ मध्ये, परीक्षेत मी कोणाचीही मदत घेतलेली नाही, असं विद्यार्थ्याने स्वतःच्या सहीने लिहून द्यायची प्रथा तिथे सुरू झाली. म्हणजे अविश्वास अगदी टोकाला गेल्यावर लोकांनी ही वाट धरली. हे बाबांना नक्की सांग, त्यांच्या अनुभवाशी ते जुळणारं आहे.

दुसरं, कोड असला की कॉपी थांबते असं नाही. १९९३ मध्ये डोनाल्ड मॅकेब आणि लिंडा ट्रेव्हिनो या संशोधकांनी ३१ कॉलेजांतल्या ६,००० हून जास्त विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑनर कोड असलेल्या ठिकाणी कॉपी कमी आढळली, पण आढळली. आणि विद्यार्थी कसा वागेल यावर सर्वांत जास्त परिणाम कशाचा, तर आजूबाजूचे सोबती कसे वागतात याचा. नियम छापला आहे की नाही, शिक्षेची भीती किती, हे सगळं त्याच्या खाली. तुमच्या फायलींचंही तेच झालं ना? पहिली फाईल एका बाकावरून दुसऱ्या बाकावर गेली तेव्हा कोणी ‘नको’ म्हणालं असतं, तर कदाचित चार जणींनी तरी आपापली रीडिंग घेतली असती.

तिसरं, मोठ्या नावांच्या ठिकाणीही या गोष्टी डळमळतात आणि बदलतात. हार्वर्डमध्ये २०१२ साली एका कोर्सच्या घरी लिहायच्या परीक्षेत सव्वाशेच्या आसपास विद्यार्थ्यांवर संशय आला. हार्वर्डने आपला पहिला ऑनर कोड लागू केला तो त्यानंतर, २०१५ मध्ये. स्टॅनफर्डचा कोड १९२१ पासूनचा, विद्यार्थ्यांनीच आणलेला, आणि परीक्षेत पर्यवेक्षक नसणं हा त्याचा गाभा. तिथेही २०२३ मध्ये काही परीक्षांना पर्यवेक्षक ठेवून बघायचं ठरलं. व्हर्जिनियात दोषी ठरणाऱ्याला वर्षानुवर्षं एकच शिक्षा होती, कायमची हकालपट्टी. २०२२ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनीच मतदान करून ती बदलली. हे सगळं वाचून माझा विश्वास कमी झाला नाही. ज्या गोष्टीवर लोक इतकी वर्षं भांडतात, मतं देतात, दुरुस्त्या करतात, ती नुसती भिंतीवर लावलेली पाटी नसणार, असं मला वाटतं.

हॅवरफर्डबद्दल मला विशेष आवडतं ते हेच. ते कॉलेज १८३३ मध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी काढलं. हे लोक न्यायालयातसुद्धा शपथ घ्यायचं नाकारत, कारण शपथ घेतली की खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं चालतं असं मान्य केल्यासारखं होतं. परीक्षेचा ऑनर कोड तिथे १८९७ पासून आहे. आता तो वागणुकीलाही लागू आहे, आणि विद्यार्थ्यांनी सभेत जमून दरवर्षी त्याला नव्याने मान्यता द्यावी लागते. मान्यता मिळाली नाही तर कोड राहत नाही. तक्रारी विद्यार्थ्यांचंच मंडळ ऐकतं आणि निकाली निघालेल्या प्रकरणांचा गोषवारा नावं बदलून सगळ्यांना वाचायला देतं.

त्यामुळे तुझी पारख कशावर करायची, तर या यंत्रणेत जीव आहे का यावर. त्या विद्यार्थिनीला पुन्हा भेट, आणि शक्य झालं तर प्रवेश विभागाने गाठ घालून न दिलेल्या आणखी एक-दोघांना गाठ. आपल्याकडून गेलेलं कोणी मिळालं तर फारच छान. गेल्या सभेला मुलं मनापासून आली होती की कोरम भरावा म्हणून ओढून आणावी लागली, ते विचार. प्रकरणांचे गोषवारे खरंच कोणी वाचतं का? कोणी दोषी ठरलं तर त्याचं पुढे काय होतं, तो पुन्हा वर्गात ताठ मानेने बसू शकतो का? परदेशी मुलांवर तक्रारी जास्त येतात असं कोणाला वाटतं का? हा शेवटचा प्रश्न विचारायला अजिबात लाजू नकोस. सगळं छान आहे, असं गुळगुळीत उत्तर आलं तर मी जरा सावध होईन. गेल्या वर्षी अमुक प्रकरणावरून आमच्यात खूप भांडणं झाली, असं कोणी सांगितलं तर माझा भरवसा वाढेल.

आता आई. तिची भीती मला सगळ्यात खरी वाटते, आणि तुझ्या पत्रात तू ती सगळ्यात भरभर उरकली आहेस. विश्वास ठेवला जाणं सुखाचं असतं. कोडची दुसरी बाजू सुखाची नाही. सुपरवायझर नाही याचा अर्थ, दिसलं तर बोलायची जबाबदारी तुझ्यावर आली. तिथली रीत आधी पोलिसी करण्याची नाही हे आईला नीट समजावून सांग. आधी त्या व्यक्तीशी समोरासमोर बोलायचं, मला असं दिसलं, तू काय म्हणतेस? खरंच चूक झाली असेल तर तिने स्वतःहून मंडळाकडे जावं असं सुचवायचं. ती गेली नाही, तरच पुढचं पाऊल.

कागदावर हे सोपं वाटतं. पण डोळ्यांसमोर आण. जानेवारी आहे, बाहेर बर्फ आहे, तुला ताप आलाय आणि तुझी रूममेट तुझ्यासाठी मेसमधून सूप घेऊन आली आहे. दोन आठवड्यांनी तीच रूममेट घरी लिहायच्या परीक्षेत बंदी असलेली टिपणं उघडून बसलेली तुला दिसते. तू काय करशील? आपल्याकडे मैत्री म्हणजे पाठीशी घालणं. ‘कशाला उगीच कोणाच्या भानगडीत पडायचं’ हे वाक्य आपण पाळण्यातच ऐकतो. त्यात माया असते, म्हणून तर ते मोडायला इतकं जड जातं. मला हे जमेल असं तू आत्ताच म्हणायची गरज नाही. कोणीच आधीपासून सांगू शकत नाही. पण ‘मी बघितलंच नाही असं करीन’ हे उत्तर तुझ्या मनात पक्कं असेल, तर हॅवरफर्डचं अर्धंच तुला हवं आहे, आणि मग मोठ्या विद्यापीठात तू जास्त मोकळी राहशील. तिथेही सचोटीचे नियम असतातच, कॉपी पकडली तर तिथेही शिक्षा होते. फक्त बघण्याचं काम त्यांनी पगारी माणसांवर सोपवलेलं असतं. ती काही अप्रामाणिक जागा नाही, एवढं नक्की लक्षात ठेव.

विषय, प्राध्यापक, हवामान, पुढे नोकरीची वाट, यांवर तू काही लिहिलं नाहीस. तेव्हा ते तू बघितलं असेल असं धरते. हॅवरफर्ड लहान आहे, सगळे मिळून १,४०० च्या आसपास विद्यार्थी. पुढे तुला एखादा विशिष्ट विषय खोलात जाऊन करायचा असेल, तर तिथे त्यात किती कोर्स आहेत ते मोजून घे. पैशांच्या पत्रात दान किती आणि कर्ज किती हे दोन्हीकडचं शेजारी शेजारी लिहून काढ. विमा आणि येण्याजाण्याचं भाडं त्यात धरलंय का तेही बघ. ‘जवळपास सारखी’ या शब्दांत चार वर्षांत बराच फरक लपू शकतो. आणि तो फरक मोठा निघाला, तर केवळ ऑनर कोडसाठी आई-बाबांवर कर्ज चढवू नकोस. सचोटीने वागायला कुठलंही कॉलेज आडवं येत नाही.

पण हिशेब खरोखरच सारखा निघाला आणि रूममेटच्या प्रश्नाला तू घाबरूनही मागे हटली नाहीस, तर मी तुला हॅवरफर्डला जा म्हणेन, स्पष्टपणे. अठरा ते बावीस या वयात माणूस ज्यांच्यात राहतो त्यांचं वागणं त्याच्या अंगात मुरतं, आणि मॅकेब-ट्रेव्हिनोंचा अभ्यासही वेगळं काही सांगत नाही. रोज कोणीतरी आपल्यावर विश्वास ठेवतंय आणि आपण तो मोडत नाही आहोत, असं चार वर्षं जगायला मिळणं ही फार मोठी मिळकत आहे. आपल्या मुलांना ती आपण इथे देऊ शकलो नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

राहिलं डिपॉझिट. बाबांना म्हणावं, दोन्हीकडे भरू नका. १ मेनंतर दोन ठिकाणी होकार देऊन जागा अडवून ठेवणं तिथे गैर मानतात. कळलं तर दोन्ही कॉलेजं प्रवेश काढून घेऊ शकतात. व्हिसासाठी त्याचा उपयोगही नाही. तू ज्या कॉलेजला हो म्हणशील ते आय-२० हा विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा कागद पाठवेल, त्यावरून फी भरून मुंबईच्या वकिलातीत मुलाखत होईल. त्या मुलाखतीत नकार आला, तर दुसऱ्या कॉलेजचं डिपॉझिट तुला वाचवणार नाही. त्यापेक्षा निवडलेल्या कॉलेजला आजच विचार, की व्हिसा वेळेत मिळाला नाही तर प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येईल का आणि भरलेले पैसे परत मिळतील का. उत्तर लेखी मागव. एवढं झालं की बाबांची निम्मी काळजी मिटेल.

आणि जिथे जाणार नाहीस, त्यांना त्याच दिवशी दोन ओळी लिहून कळव. तिथल्या प्रतीक्षा यादीत एखादी मुलगी त्या जागेची वाट बघत बसली असेल.

तुझी,
काकू